खोडलेले विजय

२१ डिसेंबर २०२४. डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये एका सहकाऱ्याच्या घरी मी अमेरिकन फुटबॉलचा सामना बघत बसलो होतो. कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं आणि त्या खेळातलं मला जेमतेम कळत होतं. सहकारी डॅलसच्याच सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एसएमयूचा, माजी विद्यार्थी. समोर पेन स्टेट. सामना पेन्सिल्वेनियातल्या त्यांच्या बीव्हर स्टेडियमवर, कडाक्याच्या थंडीत, लाखभर प्रेक्षकांपुढे. एसएमयू ३८-१० असा सडकून हरला. मध्यंतरात सहकारी म्हणाला, "या दोन्ही संघांना एकेकाळी जवळपास संपवलं होतं. आम्हाला पैशांपायी, आणि त्यांना..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. त्याची मुलं शेजारीच बसली होती.

त्या अर्ध्या वाक्याच्या मागे लागून मी बरंच वाचलं. त्यातून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे ट्रॅकसूट, एसटीचा पास आणि मित्रांच्या टाळ्या. अमेरिकेत कॉलेजचं फुटबॉल हा अब्जावधी डॉलरांचा धंदा आहे. पण कितीतरी दशकं खेळाडूंना मिळायची ती फक्त शिष्यवृत्ती. खेळाडू 'हौशी'च राहिला पाहिजे, असा नियम. तो पाळला जातो की नाही हे बघायला एनसीएए ही १९०६ साली जन्मलेली संस्था. कॉलेजच्या प्रेमात पडलेले श्रीमंत माजी विद्यार्थी अर्थातच मागच्या दाराने पाकिटं पोचवायचे.

एसएमयूमध्ये हे सर्रास चाललं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा संघ देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक होता. शिक्षाही वारंवार होत होत्या. १९८५ साली एनसीएएने नवा नियम केला: पाच वर्षांत दुसऱ्यांदा मोठा गुन्हा सापडला, तर तो खेळच काही काळ बंद. लोकांनी त्याला नाव दिलं 'डेथ पेनल्टी'. शिक्षा भोगत असतानाच एसएमयूने १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर दिले होते आणि वरच्यांना ते माहीत होतं. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी निकाल लागला: १९८७चा हंगाम रद्द. १९८८ मध्ये घरच्या मैदानावर खेळायला बंदी, म्हणून तो हंगाम कॉलेजनेच सोडून दिला.

काही दिवसांतच बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं, की खेळाडूंना कबूल केलेले पैसे देत राहायचं, या निर्णयात आपणही होतो. क्लेमेंट्स आधी विद्यापीठाच्या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि कबुली दिली तेव्हा टेक्ससचे गव्हर्नर. पदाची मुदत त्यांनी आरामात पूर्ण केली. मैदानावरची मुलं मात्र पांगली. १९८९ मध्ये पोरासोरांचा नवा संघ उतरला, तेव्हा ह्यूस्टनने त्यांना ९५-२१ असं धुतलं. हंगामानंतरच्या मानाच्या 'बोल' सामन्यात एसएमयू पुन्हा खेळला तो थेट २००९ साली. परिणाम इतका भयंकर होता, की वरच्या विभागातल्या फुटबॉलला एनसीएएने ही शिक्षा पुन्हा कधीच दिली नाही.

आणि गुन्हा काय, तर खेळाडूंना पैसे देणं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे कमावता येतं. जून २०२५ मध्ये कॉलेजांनी थेट पैसे देण्यालाही न्यायालयाने मान्यता दिली.

पेन स्टेटची गोष्ट वेगळी. तिथला गुन्हा कुठल्याही काळात गुन्हाच राहील.

जेरी सँडस्की हा तिथला अनेक वर्षांचा सहायक प्रशिक्षक. १९७७ मध्ये त्याने अडचणीतल्या मुलांसाठी संस्था काढली होती आणि तिथूनच तो मुलं हेरायचा. १९९८ मध्ये एका आईने तक्रार केली. विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, पण खटला झाला नाही. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, तरी इमारतींच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या. २००१ मध्ये एका तरुण सहायकाने त्याला शॉवरमध्ये एका मुलासोबत पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना सांगितलं. पटर्नोंनी क्रीडा संचालकांना सांगितलं आणि गोष्ट अध्यक्षांपर्यंत गेली. प्रत्येकाने आपल्या वरच्याला सांगितलं. बाहेरच्या पोलिसांना कोणीच सांगितलं नाही. पुढची दहा वर्षं सँडस्की मोकळा होता.

नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला अटक झाली. चार दिवसांनी विश्वस्तांनी पटर्नोंना फोनवरून काढून टाकलं. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी वार्ताहरांची गाडी उलटवली. हा संताप मुलांसाठी नव्हता, प्रशिक्षकासाठी होता. जानेवारीत पटर्नो कर्करोगाने गेले. जूनमध्ये सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरला. पुढे त्याला ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली.

२३ जुलै २०१२ रोजी एनसीएएने शिक्षा जाहीर केली: सहा कोटी डॉलर दंड, चार वर्षं बोल सामन्यांना बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, आणि १९९८ ते २०११ पर्यंतचे ११२ विजय रद्द. त्यातले १११ पटर्नोंचे. त्यांचा ४०९ विजयांचा विक्रम एका दिवसात २९८ वर आला.

माझ्यातला प्रोग्रामर इथे अडखळला. विजय 'रद्द' झाले, की प्रतिस्पर्ध्यांचे पराभव तसेच राहतात. नोंदवहीची एक बाजू खोडली, दुसरी ठेवली. म्हणजे ११२ पराभव असे, ज्यांत जिंकलं कोणीच नाही. डेटाबेसमध्ये असं कोणी केलं, तर आम्ही त्याला बग म्हणतो.

बग तेवढाच नव्हता. एनसीएएने स्वतः चौकशी केलीच नव्हती; विद्यापीठाने नेमलेल्या लुई फ्री यांच्या अहवालावर काम भागवलं. पुढे कोर्टकचेऱ्यांत त्यांचे ईमेल बाहेर आले. आपल्याला हा अधिकार आहे का, याची आतल्या लोकांनाच खात्री नव्हती. एकीने तर याला 'ब्लफ' म्हटलं होतं. २०१३ मध्ये शिष्यवृत्त्या परत यायला लागल्या, २०१४ मध्ये बोल सामन्यांची बंदी उठली आणि जानेवारी २०१५ मध्ये तडजोडीत सगळे विजयही परत आले.

२०१२ च्या संघातली बहुतेक मुलं १९९८ मध्ये प्राथमिक शाळेत होती. अत्याचार सोसलेल्यांपैकी काही साधारण त्यांच्याच वयाचे. ज्या तीन अधिकाऱ्यांनी वेळेत फोन केला नाही, त्यांचा न्याय एनसीएएने नव्हे, साध्या फौजदारी न्यायालयाने केला, तोही २०१७ मध्ये. दोघांनी गुन्हा कबूल केला, माजी अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर दोषी ठरले. तिघांनाही तुरुंगवास झाला, पण काही महिन्यांचाच. पीडितांना विद्यापीठाने दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई दिली. या सगळ्या वर्षांत वाद मात्र बहुतेक वेळा ४०९ या आकड्यावरच झाला.

हे वाचून मी पेन स्टेटच्या पोरांना नावं ठेवणार होतो. मग मला माझं कॉलेज आठवलं.

तिसऱ्या वर्षाला मी व्हॉलीबॉलच्या संघात होतो. एका रात्री आमच्यातल्या दोघांनी पहिल्या वर्षाच्या एका मुलाला हॉस्टेलच्या खोलीत कोंडून मारलं. माझी खोली शेजारची. मला ऐकू येत होतं. मी हेडफोन लावले. सकाळी एका सरांना सांगावं असं ठरवलं, तर सरच म्हणाले, "मिटवतोय आम्ही, तुम्ही बोलू नका." मुलगा आठवड्याभरात घरी गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या वडिलांनी वरपर्यंत तक्रार केली, तेव्हा कॉलेजने अख्ख्या संघावर वर्षभर बंदी घातली. ते दोघे पुढे व्यवस्थित पास झाले. सरही तिथेच राहिले.

आम्ही मात्र खूप चिडलो होतो. आमची काय चूक, म्हणून अर्ज लिहिला. त्याचा मसुदा माझाच होता. दीड पानाच्या त्या अर्जात विभागीय स्पर्धेचा उल्लेख पाच वेळा होता, त्या मुलाचा एकदाही नाही. बंदी अन्यायाची होती, असं मला आजही वाटतं. पण भिंतीपलीकडचं ऐकलेला मी त्या 'आमची काय चूक'मध्ये बसत नव्हतो, हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

परवा संघातल्या एका जुन्या मित्राला फोन करून विचारलं, त्या मुलाचं नाव काय होतं रे? त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाला, "नाव नाही आठवत. पण त्या वर्षी आपण फायनल नक्की मारली असती."