रेडिओ स्कॅनर व ट्रंक प्रणाली

ठरवून दिलेल्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) एकामागून एक आपोआप तपासून, जिच्यावर संभाषण चालू असेल तिच्यावर थांबणाऱ्या रेडिओ ग्राहीला स्कॅनर म्हणतात. पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका, रेल्वे, विमाने, नगरपालिकेची वाहने इत्यादींची बिनतारी संभाषणे ऐकण्यासाठी तो वापरतात. स्कॅनर हा केवळ ग्राही असतो. त्यातून प्रेषण करता येत नाही. ट्रंक प्रणालीत अनेक खाती मिळून थोड्या कंप्रता सामाईकपणे वापरतात आणि कोणत्या संभाषणास कोणती कंप्रता द्यावयाची हे दर वेळी संगणक ठरवितो. या दोहोंचा इतिहास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला. पोलिसांचे बोलणे नागरिकांना ऐकू यावे अशी योजना तेथे कोणीच केली नव्हती. ते केवळ ऐकू येत असे. पुढे ते ऐकू येईनासे झाले, तेही प्रथम कोणी हेतुपुरस्सर केले म्हणून नव्हे. हेतुपुरस्सर बंदी मागाहून आली.

डिट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींसाठी नियमित रेडिओ सेवा सुरू केली. ही सेवा एकमार्गी होती; मोटारीतील शिपायास आज्ञा ऐकू येई, परंतु उत्तर देण्यासाठी त्याला रस्त्यावरील दूरध्वनी गाठावा लागे. १९३३ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे द्विमार्गी सेवा सुरू झाली. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी डॅनिएल नोबल यांनी कंप्रता विरूपणावर आधारित द्विमार्गी प्रणाली उभारली आणि मोटारीतील खरखरीचा प्रश्न बराचसा सुटला. प्रारंभीच्या पोलीस कंप्रता मध्यम लहरींच्या नभोवाणी पट्ट्याला अगदी लागून असल्याने घरगुती ग्राहीवर त्या सहज लागत. १९३० नंतरच्या दशकातील पुष्कळ अमेरिकी ग्राहींच्या तबकडीवर ‘पोलीस’ अशी खूणच छापलेली आढळते. विजी या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले न्यूयॉर्कचे वृत्तछायाचित्रकार आर्थर फेलिग यांनी १९३८ मध्ये आपल्या मोटारीत पोलीस रेडिओ बसवून घेतला. घटनास्थळी ते तत्परतेने कसे पोहोचतात, याचे इंगित हेच होते. १९३४ च्या संदेशवहन अधिनियमाने अशा रीतीने ऐकलेला मजकूर इतरांस सांगण्यावर व त्याचा स्वतःच्या लाभासाठी उपयोग करण्यावर निर्बंध घातले. ऐकणाऱ्याचे कान मात्र मोकळेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही संभाषणे १५० व ४५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यांत गेली आणि एका शहरात डझनावारी कंप्रता वापरात आल्या. त्या एकाच यंत्रावर ऐकण्याच्या गरजेतून स्कॅनर जन्मास आला. आरंभीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक कंप्रतेसाठी क्वॉर्ट्‌झचा स्वतंत्र स्फटिक विकत आणून बसवावा लागे. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास इलेक्ट्रा कंपनीचा ‘बेअरकॅट १०१’ हा स्फटिकाविना चालणारा स्कॅनर आला. त्यात सोळा कंप्रता भरता येत. मात्र प्रत्येकीचा संकेत पुस्तिकेत शोधून तो छोट्या खटक्यांच्या साहाय्याने जुळवावा लागे. लवकरच खटक्यांची जागा अंकांच्या बटनांनी घेतली. एक कंप्रता म्हणजे एक खाते, हे गृहीत मात्र स्फटिकांच्या काळापासून तसेच चालत आले होते. ट्रंक पद्धतीने नेमके तेच मोडले.

ट्रंक पद्धती : ‘ट्रंक’ हा शब्द दूरध्वनीतून आला. परगावी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहणाऱ्या पिढीला दोन गावांमधील थोड्या तारा सर्वांनी मिळून वापरावयाच्या असतात, हे सांगावयास नको. अशा सामाईक वापराचे गणित कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील गणिती ए. के. अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडले. एक मार्ग तासभर अखंड गुंतून राहिला, तर त्या भारास एक अर्लांग म्हणतात. शंभरांपैकी दोनच मागण्यांना मार्ग रिकामा मिळू नये, अशी अट घातली, तर एकट्या मार्गावर तासाभरात सरासरी सव्वा मिनिटाचेच बोलणे चालू शकते. दहा खात्यांना असे दहा स्वतंत्र मार्ग दिले, तर सर्वांचे मिळून जेमतेम बारा मिनिटे होतात. तेच दहा मार्ग सामाईक केले, तर अट तीच ठेवून ५·०८ अर्लांग, म्हणजे एकूण सुमारे पाच तासांचे बोलणे त्यांवर मावते. बिनतारी प्रणालीत मागणी नाकारण्याऐवजी काही सेकंद थांबवून ठेवता येते, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडे थोडे वेगळे पडतात. परंतु लाभाचे प्रमाण ध्यानात येण्यास हे उदाहरण पुरेसे आहे. कंप्रतांची टंचाई भासणाऱ्या मोठ्या शहरांना हा लाभ सोडणे शक्य नव्हते. अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने दूरचित्रवाणीकडून काढून घेतलेला ८०० मेगॅहर्ट्‌झचा पट्टा १९७४ मध्ये भूचर सेवांना खुला करताना ट्रंक प्रणालींचीही तरतूद केली. सार्वजनिक सुरक्षा सेवांसाठी अशी प्रणाली कशी असावी, याची अपेक्षापत्रे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार झाली आणि मोटोरोला, जनरल इलेक्ट्रिक, ई. एफ. जॉन्सन इ. कंपन्यांनी आपापल्या परस्परविसंगत प्रणाली बाजारात आणल्या.

अशा बहुतेक प्रणालींत एक कंप्रता केवळ नियंत्रणासाठी राखून ठेवलेली असते. अग्निशामक दलाच्या जवानाने बोलण्यासाठी बटन दाबले की, त्याच्या यंत्राकडून मार्गाची मागणी जाते. संगणक रिकामा मार्ग निवडतो आणि ‘अमुक गटाने अमुक मार्गावर जावे’, असा अंकीय संदेश नियंत्रण मार्गावरून सोडतो. त्या गटाची सर्व यंत्रे क्षणार्धात तिकडे वळतात. जवानाचे बोलणे संपले की मार्ग मोकळा होतो आणि नियंत्रकाचे उत्तर भलत्याच मार्गावरून येऊ शकते. जुन्या स्कॅनरवर याचा परिणाम विचित्र होई. आग कोठे लागली असा प्रश्न एका मार्गावर ऐकू येई आणि त्याच मार्गावर पाठोपाठ कचरागाडीच्या चालकाचे बोलणे सुरू होई. नियंत्रण मार्गावर तर अहोरात्र गुणगुण चालू असल्याने स्कॅनर तेथेच अडकून पडे. श्रोत्यांना दूर ठेवावे असा यात कोणाचा हेतू नव्हता. संभाषणाची संगती नष्ट झाली ती काटकसरीपोटी.

परंतु नियंत्रण मार्गावरील संदेश गुप्त नव्हते. प्रणालीतील प्रत्येक यंत्राला ते वाचता आले पाहिजेत, म्हणून ते उघडेच प्रक्षेपित होत. मोटोरोलाच्या प्रणालीत त्यांचा वेग सेकंदास ३,६०० बिटे होता. घरगुती संगणकाला तो जड नव्हता. १९९० नंतरच्या दशकात काही हौशी मंडळींनी स्कॅनर उघडून त्याच्या शोधक मंडलातून तार बाहेर काढली, ती संगणकास जोडली आणि गटांचे क्रमांक पडद्यावर उमटविले. १९९७ मध्ये युनिडेन कंपनीने हेच काम स्वतः करणारा ‘बीसी २३५ एक्सएलटी’ हा हातात धरण्याजोगा स्कॅनर विक्रीस काढला. नियंत्रण मार्ग वाचून तो हव्या त्या गटामागे मार्गामार्गांवरून जाऊ शके. श्रोत्याच्या दृष्टीने आता कंप्रता गौण आणि गट मुख्य झाला.

स्कॅनरची जुळणी : या बदलामुळे स्कॅनर लावणे हे प्रणालीची रचना समजून घेण्याचे काम बनले. प्रथम प्रणालीचा प्रकार सांगावा लागतो, कारण बाकीच्या गोष्टी त्यावर ठरतात. मोटोरोलाच्या ८०० मेगॅहर्ट्‌झवरील प्रणालीत मार्गक्रमांकावरून कंप्रता काढण्याचे सूत्र ठरलेले असल्याने कंप्रता कोणत्याही क्रमाने भरल्या तरी चालते. इतर पट्ट्यांत मात्र मूळ कंप्रता व टप्पा वेगळा द्यावा लागतो. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रणालीत प्रत्येक कंप्रता तिच्या ठरलेल्या क्रमांकावरच भरावी लागते. एक जरी जागा चुकली, तरी स्कॅनर रिकाम्या मार्गावर जाऊन बसतो. जॉन्सनच्या प्रणालीत स्वतंत्र नियंत्रण मार्गच नाही. तेथे प्रत्येक मार्गावर बोलण्याच्या तळाशी, कानास न जाणवणाऱ्या निम्न कंप्रतेवर, संदेश वाहत असतात.

त्यानंतर गट भरावयाचे. त्यांची यादी हाताशी नसेल, तर स्कॅनर मोकळा सोडून दिसेल तो क्रमांक वहीत टिपून ठेवावा लागे व बोलण्यावरून हे खाते कोणते असावे याचा अंदाज बांधावा लागे. यात दिवसच नव्हे, तर आठवडे जात. मोटोरोलाच्या जुन्या प्रणालीत गटांचे क्रमांक १६ च्या पटीत असतात व मधले आकडे आणीबाणीसारखी स्थिती दर्शवितात. त्यामुळे नवा क्रमांक दिसला म्हणजे नवा गट सापडला, असे मानणारा नवशिका हमखास फसे. आणखी एक गोष्ट अशी की, विस्तीर्ण प्रणालीत एखाद्या गटाचे बोलणे सामान्यतः त्या गटाचे यंत्र ज्या केंद्राशी जोडलेले असेल तेथूनच प्रसारित होते. सर्व जुळणी बिनचूक असूनही गट गप्प राहण्याचे कारण बहुधा हेच असते. मोबाइल दूरध्वनीच्या व्यत्ययामुळे आयोगाने २००४ मध्ये ८०० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्याच्या फेरमांडणीचा आदेश काढला, तेव्हा स्कॅनरमध्ये पक्के बसविलेले सूत्रच चुकीचे ठरले आणि ज्या यंत्रांची आज्ञावली बदलता येत नव्हती, ती तेथे निकामी झाली.

दरम्यान आवाजही अंकीय होऊ लागला. ‘प्रोजेक्ट २५’ या मानकाचे काम १९८९ मध्ये सुरू झाले होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी वेगवेगळ्या दलांना परस्परांशी बोलता आले नाही. त्याच्या चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवल्यानंतर राज्यव्यापी अंकीय प्रणालींना वेग आला. हे मानक उलगडणारे स्कॅनर २००२-०३ च्या सुमारास आले. या प्रणालीचा नियंत्रण मार्ग कंप्रतांचे कोष्टकही स्वतःच प्रक्षेपित करतो. त्यामुळे जुळणी काहीशी सुलभ झाली. अडचण निघाली ती वेगळ्याच ठिकाणी. अनेक मनोऱ्यांवरून एकाच कंप्रतेवर एकच संदेश सोडला, तर तो ग्राहीपाशी किंचित पुढेमागे पोहोचून बिटे एकमेकांत मिसळतात. खात्यांची यंत्रे हे सहन करण्यासाठी बांधलेली होती, स्कॅनर नव्हते. जवळच्या मनोऱ्याचाच संदेश यावा म्हणून श्रोते अँटेना तोकडी करीत, घरातील कोपरे बदलून पाहत. ज्या छंदात उंच अँटेना हे भूषण होते, त्यात ही उलटी गंगाच म्हणावयाची. युनिडेनच्या २०१८ मधील ‘एसडीएस १००’ या यंत्राने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. त्यापूर्वी २०१० मध्ये आपला टपाल-संकेतांक भरला की आसपासच्या प्रणाली आपोआप लावून घेणारा स्कॅनर आला होता. आणि २०१२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी बनविलेला स्वस्त यूएसबी जोड संगणकावर सर्वसाधारण ग्राही म्हणून वापरता येतो, हे उघडकीस आले. वहीची गरज संपली. तिच्याबरोबर शहराचा कारभार कानाने शिकण्याची सवयही गेली, अशी जुन्या श्रोत्यांची तक्रार आहे व ती अगदीच निराधार नाही.

कायद्याने १९८६ मध्ये अमेरिकेत मोबाइल दूरध्वनी चोरून ऐकणे गुन्हा ठरविला, पण पोलीस व अग्निशामक दलांची उघडी संभाषणे ऐकण्यास मोकळीक ठेवली. मोबाइलच्या कंप्रता पकडणाऱ्या स्कॅनरच्या निर्मितीस व आयातीस १९९४ मध्ये मनाई झाली. तरीही डिसेंबर १९९६ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचे राजकीय संभाषण फ्लॉरिडातील एका दांपत्याने स्कॅनरवर पकडले व ते वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. ब्रिटनमध्ये अधिकाराविना असे ऐकणे हाच अपराध आहे. भारतात १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार असे यंत्र बाळगण्यासही परवाना लागे. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला. साहजिकच हा छंद येथे रुजला नाही, आणि दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी ‘टेट्रा’ ही यूरोपीय ट्रंक प्रणाली उभारली गेली, तेव्हा श्रोत्यांचा प्रश्न उद्‌भवलाच नाही. टेट्राची गुप्तसंकेतनाची रीत दीर्घकाळ उघड केली नव्हती. २०२३ मध्ये नेदर्लंड्समधील संशोधकांनी ती उकलून तिच्या एका प्रकारातील कच्चेपणा दाखवून दिला.

अमेरिकेतील पोलिसांनी गुप्तसंकेतनाचा मार्ग धरला तो मागाहून. महाजालावरून संभाषणे घरोघर पोहोचू लागली होती. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन येथील बाँबस्फोटातील संशयितांचा शोध चालू असताना, ऐकलेल्या हालचाली जाहीर करू नयेत अशी विनंती पोलिसांना करावी लागली. डेन्व्हरने २०१९ मध्ये आपली पोलीस संभाषणे बंद केली, शिकागोने २०२२ मध्ये ती अर्ध्या तासाच्या विलंबाने ऐकविण्याची रीत पत्करली आणि न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून एकेका विभागात हा बदल सुरू झाला. पीडितांची नावे व पत्ते हवेत उघडे पडू नयेत, हा पोलिसांचा युक्तिवाद रास्त आहे. तथापि त्यासाठी सर्वच संभाषण झाकणे अपरिहार्य होते, हे कोठेही सिद्ध झालेले नाही; वृत्तपत्रांना मात्र घटना पोलीस सांगतील तेव्हा व सांगतील तशी कळू लागली. अशा प्रणालीवर स्कॅनर आजही पूर्वीप्रमाणेच चालतो. तो नियंत्रण मार्ग वाचतो, गटाचा व बोलणाऱ्या यंत्राचा क्रमांक दाखवितो, योग्य मार्गावर जातो आणि तेथून आवाज न काढता परत येतो. अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांचे गट पुष्कळ ठिकाणी उघडे आहेत.