रिकाम्या फंक्शनची कुळकथा

लिनक्सच्या सी लायब्ररीत, म्हणजे ग्लिबसीमध्ये, 'डीएल डीबग स्टेट' नावाचं एक फंक्शन आहे. त्याच्या पोटात काहीच नाही. तरीही प्रोग्रॅम चालू असताना एखादी लायब्ररी मेमरीत चढायची किंवा उतरायची असली की लिंकर ते आवर्जून चालवतो. एकदा बदल सुरू होताना, पुन्हा तो पुरा झाल्यावर. डीबगर तिथे आधीच ब्रेकपॉइंट लावून बसलेला असतो.

ही युक्ती 1980च्या दशकाअखेरच्या 'सिस्टिम फाइव्ह रिलीज 4' या युनिक्सची. एटी अँड टी आणि सन यांनी मिळून ते घडवलं. पूर्वी सगळा प्रोग्रॅम एकसंध असे. डीबगरने सुरुवातीला एकदा नकाशा वाचला की काम भागे. सामायिक लायब्रऱ्या आल्या आणि कुठलं फंक्शन कुठल्या पत्त्यावर बसणार हे ऐन वेळी ठरू लागलं. डीबगरचा नकाशा शिळा होऊ लागला. सारखं डोकावून पाहावं, तर दर खेपेला चालता प्रोग्रॅम थांबवावा लागतो. गोराईच्या जेट्टीवर बोट आली का हे बघायला कोणी दर मिनिटाला उठत नाही. हाक आली की उठतो. तशी हाक हवी होती.

मूळ कल्पना मात्र त्याहून जुनी. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या स्मॉलटॉक-80 मध्ये एखादी वस्तू 'मी बदलले' एवढंच कळवी आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या खिडक्या स्वतःला ताज्या करून घेत. 1994 साली 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकाने या रचनेला 'ऑब्झर्व्हर' म्हटलं.

रिचर्ड स्टॉलमनने 1986 साली लिहिलेल्या जीडीबी या डीबगरला या दुखण्याची दुसरी बाजू नंतर भोगावी लागली. त्याच्यावर चित्रमय पडदे बसले. प्रोग्रॅमर खाली कन्सोलवर हाताने ब्रेकपॉइंट लावी आणि वरच्या यादीला त्याचा पत्ताच नसे! मग जीडीबी आपणहून सूचना धाडू लागला: ब्रेकपॉइंट झाला, बदलला, गेला. व्हीएस कोडच्या डीबग अॅडाप्टर प्रोटोकॉलमध्ये तर 'इनव्हॅलिडेटेड' अशी सूचनाच आहे. नवी किंमत ती सांगत नाही. अमुक भाग शिळा झाला, पुन्हा विचारा, एवढंच.

मला हा कमी बोलण्याचा स्वभावच शहाणपणाचा वाटतो. सूचनेतच सगळा तपशील कोंबला की एक सूचना चुकली तरी पुढचा हिशेब कायमचा बिघडतो. पुन्हा वाचण्याची किंमत आहेच. शेकडो लायब्रऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक हाकेला सगळी यादी चाळणं जड जातं, म्हणून ग्लिबसीत पुढे काय बदललं ते नेमकं सांगणाऱ्या खुणाही आल्या.

हे सारं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर जीडीबीत 'स्टॉप-ऑन-सोलिब-इव्हेंट्स' हे सेटिंग 1 करा आणि लायब्रऱ्या वापरणारा कुठलाही छोटा प्रोग्रॅम चालवा. एरवी गुपचूप होणारा हा थांबा तुमच्या डोळ्यांसमोर होईल.