मोडी वाचायची तर हाताने

जपानी शिकणारी आजची मुले टॅबवर बोटाने कांजी गिरवतात, हे मला पुण्याच्या नातीमुळे कळले. रेघ चुकीच्या दिशेने ओढली की यंत्र ती घेतच नाही, पुन्हा ओढा. रोजच्या वापराच्या म्हणून सरकारने ठरवलेल्या कांजी २१३६, आणि प्रत्येकीच्या रेघांचा क्रम ठरलेला. मी म्हटले, अगं, ही तर आपली धूळपाटी! आणि मग मनात आली ती आपली मोडी.

आमच्या पिढीला शाळेत मोडी मिळाली नाही. १९५० च्या सुमारास ती गेली, आणि आमच्या हाती फक्त बाळबोध आली. मुंबई सरकारने १९१७ मध्येच कारभारात बाळबोधीला मान दिला होता. आपला वऱ्हाड मात्र तेव्हा मुंबईकडे नव्हता. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. पण इकडेही शेवट तोच झाला. आजोबांच्या दप्तरातले कागद वडील वाचू शकत, मला ते मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत.

हेमाडपंतांनी मोडी लंकेहून आणली, ही गोष्ट मीही वर्गात सांगत असे, पण गोष्ट म्हणूनच. दुसरा एक समज म्हणजे मोडी ही गुप्त लिपी. तसे मुळीच नाही. गुप्त लिपी पाहायची तर आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरची आठवण काढावी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ वगैरे सांकेतिक लिप्यांत ठेवले होते आणि ते कोडे पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी सोडवले. मोडी ही घाईची लिपी. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग तिला अक्षरे लटकवत, बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. एकच ‘र’ शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतो. वरून संक्षेप, मुक्कामाचे ‘मु॥’ आणि परगण्याचे ‘प॥’.

म्हणूनच नुसता तक्ता पाठ करून मोडी वाचता येत नाही. तक्त्यातले अक्षर सुटे असते, कागदावरचे मागच्याला धरून पुढच्याकडे धावत असते. हात कुठून कुठे गेला हे कळले तरच डोळ्याला कळते. गंमत म्हणजे छापखान्यात मोडीचे खिळे फार आधी पडले. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला (बंगालच्या, नगरच्या नव्हे) मोडीत छापला गेला. संगणकाच्या युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती २०१४ मध्ये. आता फोनवर मोडी टंक आहेत, शिकवणारी ॲपही आहेत. पण छापील मोडी वाचणारा माणूस जुन्या कागदापुढे अडतोच.

जपान्यांचेही हेच झाले. १९०० मध्ये त्यांनी शाळेतली काना अक्षरे एका ठशाची केली आणि त्यांची जुनी धावती लिपी, कुझुशिजी, दोन-तीन पिढ्यांत सामान्य माणसाला परकी झाली. त्यावर ओसाका विद्यापीठाने २०१६ मध्ये ती शिकवणारे ॲप काढले, आणि २०२१ मध्ये ‘मिवो’ आले, कागदाचा फोटो काढला की आजची अक्षरे दाखवणारे. ते करण्यात पुढाकार होता तारिन क्लानुवात या थायलंडच्या विदुषीचा. परक्या देशातून आलेली बाई जपान्यांना त्यांचेच जुने कागद वाचून देते, याचे मला फार कौतुक वाटते.

आपल्याकडे गरज लागली तेव्हा जाग आली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणकारांची एकदम शोधाशोध सुरू झाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या मंडळींनी दोन हजारांवर मोडी पाने जमवून यंत्राला वाचायला शिकवल्याचे जाहीर झाले. आनंद आहे. पण यंत्राने चुकीचे वाचले तर ते चूक आहे म्हणायला कुणीतरी वाचणारा हवाच ना?

मी निवृत्तीनंतर मोडी शिकलो. टॅबवर नाही, टाक आणि रूळ घेऊन. आमचे भातकुली खारपाण पट्ट्यातले, इथे गोड्या पाण्याची विहीर म्हणजे दागिना. आजोबांच्या दप्तरात अशाच एका विहिरीच्या पाळीचा कागद निघाला. शेजारच्या घराण्याचा त्यात हिस्सा किती? आमच्या घरी कायम ‘पाव’ सांगत आले. जुन्या रीतीने एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. कागदावर दोन रेघा स्पष्ट होत्या, पण मागचे अक्षर पुसट. मग ‘पा’ म्हणजे पाव आणि पुढच्या रेघा मुक्कामासारख्या नुसत्या संक्षेपाच्या, असेही म्हणता येत होते. मी तो कागद पंधरा-वीस वेळा उतरवून काढला. सहाव्या-सातव्या खेपेपासून त्या लेखकाचा हात माझ्या हातात येऊ लागला. संक्षेपाच्या रेघा तो अक्षराला चिकटवून, तिरक्या ओढतो. आकड्याच्या रेघा मात्र बोरू उचलून, सरळ आणि सुट्या. या दोन सुट्या आहेत. म्हणजे निम्मे.

कागदाची झेरॉक्स मी शेजारी नेऊन दिली. धाकट्या भावाला ते फारसे रुचले नाही. विहिरीला अजून उन्हाळ्यातही पाणी असते.