सोंगं तिकिटावर आली तेव्हा

तुम्ही डहाणू तालुक्यातल्या कासाचे. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, म्हणजे मुखवटे चढवून सोंगं नाचवण्याचा उत्सव, तुमच्या ओळखीचा. संबळ-पिपाणी घुमते, आधी गणपतीचं सोंग येतं, मग शारदा, मग देव-दैत्यांची रांग, पार उजाडेपर्यंत. हेच डोळे घेऊन 5 नोव्हेंबर 1843 च्या सांगलीत चला.

राजवाड्यात गर्दी आहे, जागा धरा. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि पदरच्या तरुण विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं. ते आज उभं राहतंय: ‘सीतास्वयंवर’. सूत्रधार मंगलाचरण म्हणतो. विदूषक उड्या मारत येतो, त्याच्याशी थट्टामस्करी होते. मग गजानन येतात, मागोमाग मयूरवाहिनी सरस्वती नाचत येते. तुम्ही चमकता. हा क्रम तर आपल्याकडचाच!

आता कान द्या. पदं सूत्रधार गातो. पात्रं त्या पदांचा धागा धरून आयत्या वेळी बोलतात. सीतेच्या लुगड्यात पुरुष आहे. राक्षस आरोळी ठोकतो आणि पुढची पोरं मागे सरकतात.

1851 मध्ये अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय आटला. मुकुट, शस्त्रं, कपडे बांधून मंडळी गावोगाव निघाली. तुम्ही त्यांना मार्च 1853 मध्ये मुंबईत गाठा. डहाणूला रेल्वे नाही. बोरीबंदर-ठाणे गाडी धावायलाही अजून महिना आहे. ग्रँट रोडवर, जगन्नाथ शंकरशेटांच्या जागेवरच्या नाटकघरात, जिथे इंग्रजी खेळ होत, तिथे आज मराठी पौराणिक खेळ आहे. तिकीट काढून आत शिरा. इथे राजा नाही, जत्रा नाही. मंडळीची चूल तुमच्या पैशावर पेटणार आहे.

ऑक्टोबरात याच रंगमंचावर पारशी मंडळी रुस्तुम-सोहराबची कथा गुजरातीत आणते. नोव्हेंबरात भावे ‘राजा गोपीचंद’ हिंदीत करतात. पुढे नाटक मंडळ्या वाढत गेल्या आणि 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगलं.

सोंगं भाव्यांच्या आधीही नाचत होती. भाव्यांनी त्या कलेला कथेची बांधणी दिली, फिरती मंडळी दिली आणि पैसे मोजून येणारा प्रेक्षक मिळवून दिला. 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. त्या दिवशी भाव्यांना वंदन करावंच. आणि त्याच मानाने बोहाड्यात मुखवटा चढवणाऱ्या आपल्या सोंगाड्यांनाही रंगमंचावर बोलवावं. ती माणसंही याच घराण्याची आहेत.