हळदीच्या रंगाचं लाकूड

मालवणातल्या आमच्या घरी आजीचा पाट आहे. काळसर तांबूस, गुळगुळीत. मी तो कायम सागाचा समजत आलो. खालची पट्टी हलली म्हणून सुताराकडे नेला. त्याने कडेवर रंधा फिरवला आणि आतून हळदीसारखा पिवळाधमक गाभा वर आला. "फणसाचा हा," तो म्हणाला.

ताजं कापलेलं फणसाचं लाकूड पिवळंच असतं. वारा-उजेड लागत जातो तसं ते तांबूस, मग तपकिरी होतं. हा पिवळेपणा गाभ्यातल्या मोरिन या द्रव्याचा. श्रीलंका, म्यानमारमधले बौद्ध भिक्षू हाच गाभा उकळून चीवरं रंगवत आले. सागाइतकी ताकद फणसात नाही, पण वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही आणि घासलं की सुंदर चकाकतं. म्हणून कोकणात त्याचे खांब, चौकटी, देव्हारे झाले आणि तंजावरात वीणा.

संस्कृतातला पनस आपल्याकडे फणस झाला. मलयाळममधल्या 'चक्का'चं पोर्तुगीजांनी 'जाका' केलं आणि त्यावरून इंग्रजांचं 'जॅक' आलं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात हा जाका भेटतो.

या लाकडाच्या कुळकथेतलं मला सर्वांत मोलाचं पान मात्र आरमाराचं आहे. शिवछत्रपतींच्या कारभारात तयार झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आंबा-फणसाचा विषय येतो. ही लाकडं आरमाराच्या कामाची, हे अमात्य मान्य करतात. तरीही त्यांना हात लावू देऊ नये, असं बजावतात. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. समोर सिंधुदुर्ग, खाड्यांतून गलबतं, लाकडाची एवढी निकड, आणि तरी परसातल्या फणसाचा हा मान! राज्य चालवणाऱ्याची ही माया वाचताना माझं मन दर वेळी भरून येतं.

पाट परत घेताना मी सुताराला आमच्या परसातला फणस दाखवला. दाराची चौकट बदलायची होती. त्याने खोडावर हात फिरवला, वर पाहिलं आणि विचारलं, "अजून धरता मां?"

"धरता."

"मगे ऱ्हवांदे."

चौकटीला लाकूड त्याने दुसरीकडून आणलं.