आजाराच्या नावाचा वाद आणि हातचे काम

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पराटी डोक्याइतकी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन त्या दाटीत फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कुणाला दिसेनासे झाले, कुणाचे हातपाय थरथरू लागले. दोष औषधाचा, मिश्रणाचा की तोंडाला फडके न बांधणाऱ्या मजुराचा, हा वाद लगेच सुरू झाला. वाचलेल्यांपुढे मात्र साधा प्रश्न होता: आता कामाचे काय?

आजाराच्या कारणावर वाद असेल, तर त्याचा भार कुणी सोसायचा? पगारी नोकरांपुरते याचे उत्तर आपल्याकडे हळूहळू बदलत गेले. राजस्थानातील एस. टी. चालकांना नजर अधू झाली म्हणून कामावरून काढले होते. 1991 साली आनंद बिहारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दुसरे काम किंवा भरपाई द्यायला लावली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम 47 ने तेच तत्त्व पक्के केले. नोकरीत असताना अपंगत्व आले तर काढायचे नाही. त्याच वेतनावर दुसरे पद द्यायचे, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचे. 2003 साली कुणाल सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले, की अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते म्हणून हा हक्क बुडत नाही.

मेंदूच्या आजाराचा वाद 2013 साली आला. धरमवीर सिंग या सैनिकाला आकडीच्या आजारामुळे सैन्यातून मुक्त केले होते. आजार मूळ प्रकृतीतलाच, सेवेशी संबंध नाही, असे वैद्यकीय मंडळाचे म्हणणे. न्यायालयाने विचारले, भरतीच्या वेळी तशी नोंद का नाही? नोंद नसेल तर आजार सेवेमुळेच झाला असे धरावे लागेल. नोकरी परत मिळाली नाही, पण अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळाले. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यात पार्किन्सन आणि दीर्घकालीन मज्जाविकारही आले. मात्र नोकरीतून न काढण्याची हमी सरकारी आस्थापनांपुरतीच राहिली.

आता फवारणीच्या मजुराकडे पाहा. काही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांचा परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. पाय बधिर होतात, चाल बिघडते. रक्ताची तपासणी वेळेवर झाली नसेल, तर नंतर कारण सिद्ध करणे कठीण. 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत फॉस्फरसच्या विषारी संयुगांचे आजार होते. पण त्या यादीतले काही आजार कामामुळेच झाले असे धरायला एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी हवी होती. आमच्याकडचा रोजंदार चार दिवस एका वावरात, तीन दिवस दुसऱ्या! त्या कायद्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मजुराचा हजेरीपट मात्र अजून कुणी ठेवत नाही.

सैनिकाला न्याय मिळाला तो त्याच्या भरतीच्या कागदामुळे. मजुराच्या बाजूने असा कागद नाही, म्हणून वादाचा सगळा भार त्याच्याच पाठीवर येतो. तेव्हा फवारणीला माणूस लावताना तारीख, वावर, औषधाचे नाव आणि माणसाचे नाव वहीत लिहून ठेवावे, आणि एक प्रत त्याच्याही हातात द्यावी. उद्या तो आजारी पडला तर बोलायला निदान एक कागद असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)