कोणत्या शब्दाने शोधायचे?

ग्रंथपालाचे काम पुस्तके सांभाळण्याचे आहे, असा समज अजूनही पुष्कळांचा आहे. वाचकाच्या विषयावर नवे काय छापून आले हे त्याला वेळीच कळवणे, हेही ग्रंथपालाचेच काम आहे, हे मी परीक्षेपुरते शिकलो होतो. ते खऱ्या अर्थाने शिकलो संगणकापुढे बसल्यावर, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे. त्या शिकण्यात आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक प्रश्न दडलेला होता, म्हणून तो येथे मांडतो आहे.

पूर्वी माझी पद्धत साधी होती. नवी नियतकालिके आली की त्यांच्या अनुक्रमणिका वाचायच्या, उपयोगाचे लेख कार्डावर टिपायचे आणि ज्याचा तो विषय असेल त्याला ते कार्ड द्यायचे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. माझी कार्डे म्हणजे त्या नियमाचा माझ्या ऐपतीतला अंमल होता. हे काम यंत्राने करावे ही कल्पनाही आजची नाही. अमेरिकेत आयबीएममधील अभियंते हान्स पीटर लून यांनी ती १९५८ साली मांडली. वाचकाच्या विषयाचे शब्द यंत्रात नोंदवावेत, नव्या मजकुरातील शब्द त्यांच्याशी ताडून पाहावेत आणि जुळले तर त्या वाचकाला कळवावे, अशी ती योजना होती. गूगलने २००३ साली सुरू केलेली ‘अलर्ट्स’ ही सोय किंवा संकेतस्थळांवरील नवे मजकूर आपोआप आणून देणारी इतर साधने यांचा पाया हाच आहे. यंत्र विचार करीत नाही, शब्द जुळवते. तेव्हा शब्द कोणता द्यायचा हे माणसानेच ठरवायचे असते.

ही विद्यार्थिनी आंबेडकरपूर्व आणि आंबेडकरकालीन शिक्षणाच्या चळवळीवर संशोधन करीत होती. तिच्यासाठी मी मोठ्या उत्साहाने असे एक साधन लावले आणि त्यात ‘दलित’ हा एकच शब्द दिला. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे रोज बातम्या येऊ लागल्या. मारहाण, बहिष्कार, विहिरीवरचे भांडण, जाळलेली घरे. पंधरा दिवसांनी ती आली आणि म्हणाली, “सर, आपल्याविषयी एवढेच छापून येते का?” त्या प्रश्नाने मी ओशाळलो. अत्याचाराची बातमी खोटी नव्हती आणि ती कळायलाही हवी होती. पण शाळा काढणारे, वसतिगृहे चालवणारे, पत्रे छापणारे आपले पूर्वज त्या जाळ्यात कोठेच सापडत नव्हते. कारण ते ज्या काळात वावरले त्या काळाच्या कागदपत्रांत ‘दलित’ हा शब्द फार थोड्या ठिकाणी होता.

आपला इतिहास एका नावाखाली कधीच नव्हता. महात्मा फुल्यांनी ‘अतिशूद्र’ म्हटले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले, तेव्हा मराठीत ती ‘निराश्रित’ साहाय्यकारी मंडळी झाली. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. १९२४ च्या सभेला आणि १९२७ च्या पाक्षिकाला मात्र ‘बहिष्कृत’ हा शब्द दिला. त्या शब्दात दीनवाणेपणा नाही, बहिष्कार घालणाऱ्यावरचा आरोप आहे. गांधीजींनी ‘हरिजन’ म्हटले आणि १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी त्या नावाला विरोध केला. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे सरकारी नाव आणले. १९५६ च्या धर्मांतराने ‘बौद्ध’ ही ओळख दिली आणि १९७२ साली दलित पँथरने ‘दलित’ हा शब्द रस्त्यावर आणून त्याला लढाऊ अर्थ दिला. ही नावे एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येक नावामागे ते कोणी दिले आणि कोणी स्वीकारले, हा झगडा आहे.

मी तिला म्हणालो, “ही सगळी नावे टाक. अस्पृश्य टाक, हरिजन टाक.” ती थांबली. “सर, माझ्या आजोबांनी हे शब्द आमच्या घरात कधी उच्चारू दिले नाहीत. मी ते रोज स्वतःच्या नावावर मागवू?” मला एकदम उत्तर सुचले नाही. ज्या शब्दांनी आपल्याला हिणवले त्याच शब्दांखाली आपल्या लढ्याचे कागद ठेवलेले असावेत, ही शोधणाऱ्याला सोसावी लागणारी खरी यातना आहे. शेवटी मी तिच्यापुढे बाबासाहेबांचा १९४८ चा ग्रंथ ठेवला. त्याच्या शीर्षकातच ‘अनटचेबल्स’ हा शब्द आहे. बाबासाहेबांनी तो शब्द स्वीकारला नव्हता. तो कोठून आला, याची त्यांनी उलटतपासणी केली होती. ती काही बोलली नाही, पण शब्द टाकले. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या शब्दाने तिला मुंबई इलाख्याच्या स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालाचा संदर्भ मिळाला. त्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. शिक्षणाविषयीचे तिचे पुढचे काम त्या धाग्याने चालले.

यंत्राआधी वर्गीकरणानेही आपल्याला असेच विखुरले होते. मेल्व्हिल ड्यूई यांची १८७६ ची दशांश पद्धती आपल्या असंख्य ग्रंथालयांत चालते. तिच्याप्रमाणे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ २९४.३ वर जातो, ‘जातिनिर्मूलन’ ३०५.५ च्या आसपास जाते, मराठी दलित कविता ८९१.४६ खाली जाते. एकाच चळवळीची पुस्तके तीन कपाटांत जातात आणि वाचकाला त्यांचे नाते दिसत नाही. ड्यूई यांच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता. त्यावरून झालेल्या तक्रारीनंतर १९०५ साली त्यांना न्यू यॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदाचा राजीनामा द्यावा लागला, आणि २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढले. जगातले सारे ज्ञान दहा खणांत बसवणाऱ्या माणसाच्या दारात काही माणसांना जागा नव्हती, हे ग्रंथपालाने विसरू नये. पण दुरुस्तीही होते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत पूर्वी ‘अनटचेबल्स’ होते. आज तेथे ‘दलित्स’ आहे आणि जुना शब्द नव्याकडे नेणारी नोंद म्हणून ठेवला आहे. मला हाच मार्ग योग्य वाटतो. अपमानाचे नाव पुसले तर त्याखालचे कागदही हरवतात; ते मुख्य नाव म्हणून ठेवले तर अपमान चालू राहतो.

मराठीच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. पहिली लेखनाची. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले. त्याआधीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आहेत, आणि ‘आंबेडकर’ हे नावही ‘अंबेडकर’ असे सापडते. यंत्राला हे वेगळे शब्द वाटू शकतात. दुसरी अडचण टंकाची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी पुढे कित्येक वर्षे आपली नियतकालिके जुन्या फॉन्टांत जुळवली गेली. पडद्यावर ती देवनागरी दिसतात, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. असा अंक जालावर ठेवला तरी शोधात तो मूकच राहतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या मूकपणाविरुद्ध पत्र निघाले, तोच मूकपणा आपल्या हातून पुन्हा घडावा, हे मला फार लागते.

मी एक वही केली आहे. डाव्या बाजूला काळ, मध्ये त्या काळातील नावे मराठीत आणि इंग्रजीत, उजवीकडे त्यांची निरनिराळी लेखनरूपे. ज्या साधनात मी आधी हे शब्द साठवले होते ते पुढे बंद पडले आणि यादी गेली. वही मात्र राहिली. आता नवा संशोधक आला की आधी वही देतो, मग संगणक.

या नियतकालिकाच्या वाचकांपाशी माझे एकच मागणे आहे. ज्यांच्या घरी आपल्या चळवळीचे जुने अंक आहेत त्यांनी निदान अनुक्रमणिका तरी युनिकोडमध्ये उतरवाव्यात, लेखकाच्या नावासह आणि सालासह. एका अंकाला एक संध्याकाळ पुरते. म्हणजे पुढच्या मुलीने शोध घेतला की तिला जाळलेल्या घरांबरोबर, त्या घरांतून शिकून बाहेर पडलेली माणसेही भेटतील.